बुडालेल्या मजुरीचं काय, हे बिनधास्त विचारा

सप्रेम नमस्कार,

आम्ही मूळचे सांगलीचे, बरीच वर्षं सिडनीच्या पश्चिम भागात राहतो. मुलगा सोळा वर्षांचा, दहावीत आहे. शाळेतल्या मित्रांबरोबर रग्बी लीग खेळायला लागला आणि आता त्याला दुसरं काही सुचत नाही. हूकर म्हणून खेळतो. एका मोठ्या क्लबनं पुढच्या मोसमासाठी त्याला १७ वर्षांखालील संघाच्या सराव-गटात बोलावलंय. तेव्हापासून घरात हाच विषय. त्याला व्यावसायिक खेळाडू व्हायचंय. अकरावीला गणित नको, सोपे विषय घेतो म्हणतो. ह्यांचा ठाम विरोध. ते स्वतः शाळेत कबड्डी उत्तम खेळायचे, पण वडिलांनी बंद करायला लावली. 'म्हणूनच इंजिनिअर झालो, आणि आपल्यातलं कोण खेळतं हा खेळ?' असं ते म्हणतात. माझी खरी भीती वेगळी आहे. त्याच्या डोक्याला, मानेला काही झालं तर? क्लबच्या लोकांना हे सगळं विचारावंसं वाटतं. पण आपण भित्रे दिसू, आपल्या प्रश्नांमुळे त्याची संधी जाईल, असंही वाटतं. काय करू?

— एक आई, सिडनी

ताई,

तुमच्या शेवटच्या शंकेपासून सुरुवात करते, कारण खरी अडचण तिथेच आहे. विचारा. सगळं विचारा, आणि कशावरही सही व्हायच्या आधी विचारा. बाकी कुठल्या खेळात असे प्रश्न लोकांना खटकतीलही, पण रग्बी लीगमध्ये खटकायचं कारण नाही. हा खेळ जुन्या रग्बीपासून वेगळा झाला तोच मुळी 'खेळताना माझी मजुरी बुडाली तर ती कोण देणार?' या प्रश्नावरून.

उत्तर इंग्लंडात, यॉर्कशर आणि लँकेशरमध्ये, रग्बी खेळणारे बरेचसे गिरणी कामगार आणि खाणकामगार होते. शनिवारी सामना असला की पाळी बुडायची, पाळी बुडाली की पगार कापला जायचा. त्यांच्या क्लबांचं म्हणणं एवढंच होतं, की बुडालेले पैसे भरून देऊ द्या. लंडनच्या बड्या मंडळींना पैशाचा स्पर्शच नको होता, त्यांनी ठाम नकार दिला. शेवटी २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेतले क्लब जमले आणि वेगळे झाले. तेच पुढे रग्बी लीग.

तुमच्या सिडनीतही तीच गोष्ट घडली. १९०७ साली अ‍ॅलेक्स बर्डन नावाचा खेळाडू जखमी झाला, कामावर जाता येईना, आणि भरपाई काही मिळेना. त्या असंतोषातून त्याच वर्षी न्यू साउथ वेल्समध्ये लीगची संघटना उभी राहिली. तिचा पहिला खजिनदार कोण होता, ठाऊक आहे? व्हिक्टर ट्रंपर! क्रिकेटचा तो महान फलंदाज. तुमच्या यजमानांना हे जरूर सांगा. तेव्हा ताई, 'माझ्या मुलाला लागलं तर काय?' असं तुम्ही विचाराल तेव्हा या खेळाच्या घरातलाच सर्वात जुना प्रश्न विचारत असाल. त्या प्रश्नावर तोंड वाकडं करणारा क्लब भेटला, तर त्याच्याबद्दल जे कळायचं ते तिथेच कळलं.

आता हा खरंच पेशा आहे का, ते पाहू. आहे. पण अलीकडचा. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ऑस्ट्रेलियातले नामवंत खेळाडूही दिवसा नोकरी करायचे. कोणी पोलिसात, कोणी शाळेत, कोणी ट्रकवर. मग मर्डॉक आणि पॅकर या दोन माध्यमसम्राटांमध्ये या खेळाच्या हक्कांवरून लढाई जुंपली, पैसा ओतला गेला, आणि १९९८ साली एनआरएल, म्हणजे नॅशनल रग्बी लीग ही सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा, सुरू झाली. आज तिच्यात १७ संघ आहेत. २०२७मध्ये पर्थचा आणि २०२८मध्ये पापुआ न्यू गिनीचा संघ यायचा आहे. प्रत्येक क्लबच्या मुख्य करारांवर ३० खेळाडू. म्हणजे सध्या ५१० जागा. त्यांतही क्वीन्सलंड, न्यूझीलंड, टोंगा, सामोआ, फिजी इथली मुलं दावेदार. शिवाय दर वर्षी रिकाम्या होणाऱ्या जागा त्याहून कितीतरी कमी.

पैशाचं म्हणाल, तर क्लबनं पगारावर एकूण किती खर्च करायचा याला मर्यादा असते. २०२३ साली ती १ कोटी २१ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर होती. तीस जणांत सारखी वाटली तर माणशी चार लाख, पण ती सारखी वाटली जात नाही. दोन-तीन मोठ्या नावांना मोठा वाटा जातो. तळाच्या खेळाडूलाही किमान पगार ठरलेला असतो, आणि तो नुकत्याच लागलेल्या इंजिनिअरपेक्षा जास्तच भरतो. पण इंजिनिअर बावन्नाव्या वर्षीही कामावर जातो. लीगचा खेळाडू पस्तिशीपर्यंत टिकला तर तो भाग्यवान. आणि त्या तीस जणांच्या खाली 'ट्रेन अँड ट्रायल' वगैरे करारांवर झुंजणारी बरीच मुलं असतात. सराव पूर्ण वेळ, पैसे मात्र जेमतेम.

तुमच्या मुलाला आज जे बोलावणं आलंय ते या शिडीच्या अगदी पहिल्या पायरीचं. हॅरॉल्ड मॅथ्यूज कप १७ वर्षांखालच्यांचा. पुढे एस. जी. बॉल कप १९ खालच्यांचा, मग जर्सी फ्लेग २१ खालच्यांचा, मग न्यू साउथ वेल्स कप, आणि त्याच्या वर एनआरएल. अठरा पूर्ण झाल्याशिवाय एनआरएलमध्ये खेळता येत नाही. २०२१ साली जोसेफ सुआलिईला सतराव्या वर्षी परवानगी मिळाली ती अपवाद म्हणून, आणि त्यावर बराच वाद झाला. म्हणजे तुमच्याकडे वर्ष-दोन वर्षं निश्चित आहेत. 'आत्ता नाही तर कधीच नाही' असं कोणी तुम्हाला घाई करून सांगत असेल, तर ते खरं नाही. सोळाव्या वर्षी निवडले गेलेले कित्येक जण विसाव्या वर्षी यादीत नसतात, आणि सोळाव्या वर्षी कोणी न विचारलेले वर येतात. जोनाथन थर्स्टनला 'अंगानं बारीक' म्हणून किती जणांनी नाकारलं! शेवटी सिडनीच्या बुलडॉग्ज (कॅन्टरबरी-बँक्सटाउन) क्लबकडे पहिलं वर्ष त्यानं पैसे न घेता काढलं. पुढे चार वेळा तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि २०१५ साली नॉर्थ क्वीन्सलंड काउबॉइजला अजिंक्यपद मिळवून देणारा निर्णायक ड्रॉप गोल त्याच्याच पायातून गेला.

मुलगा हूकर आहे, नऊ नंबरची जर्सी घालतो, हे वाचून मला बरं वाटलं आणि काळजीही वाटली. बरं अशासाठी, की ही जागा नुसत्या धिप्पाड अंगाची नाही. प्रत्येक टॅकलनंतर, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून पाडल्यावर, चेंडू उचलून तो कुठे द्यायचा हे क्षणात ठरवणारा हा माणूस. मेलबर्न स्टॉर्मचा कॅमरन स्मिथ याच जागेवर खेळला. तेरा जणांत उठून दिसावा असा त्याचा देह कधीच नव्हता, तरी ४३० सामन्यांचा विक्रम त्याच्या नावावर झाला. काळजी अशासाठी, की बचाव करताना हूकर मैदानाच्या मधोमध उभा असतो. समोरच्या संघाचे सर्वात अवजड गडी तिथेच धावून येतात. मोठ्यांच्या सामन्यात एकट्या हूकरला चाळीसच्या वर टॅकल करावे लागतात.

याच जागेवरच्या आणखी दोघांची नावं तुम्ही तिघांनी मिळून वाचावीत असं मला वाटतं.

एक, जॉर्ज पेपोनिस. जन्म ग्रीसमधला, लहानपणीच आईवडिलांबरोबर ऑस्ट्रेलियात आला. कॅन्टरबरी-बँक्सटाउनचा हूकर आणि कर्णधार. १९८०चं अजिंक्यपद त्यानं जिंकून दिलं, ऑस्ट्रेलियाचं नेतृत्वही केलं. आणि तो डॉक्टर आहे! वैद्यकीय शिक्षण आणि खेळ दोन्ही त्यानं पार पाडलं. तो काळ अर्धवेळ खेळाचा होता, आज तेवढं सोपं नाही, हे मी लपवत नाही. पण 'आपल्यातलं कोण खेळतं?' या प्रश्नाचं उत्तर त्याच्यात आहे. एके काळी ग्रीकांमध्येही कोणी खेळत नव्हतं. लेबनॉनहून शाळकरी वयात आलेला हझेम एल मसरी २००९ साली निवृत्त झाला तेव्हा लीगमध्ये सर्वाधिक गुण त्याचे होते. रमझानचे रोजे ठेवून तो सामने खेळायचा. १९९५मध्ये इक्रम बट इंग्लंडकडून खेळला, त्याचं घर मूळ पाकिस्तानातलं. कोणाच्या तरी घरातलं कोणीतरी पहिलं असतंच.

दुसरा, जेक फ्रेंड. सिडनी रूस्टर्सचा हूकर, तीन अजिंक्यपदांचा मानकरी. डोक्याला वारंवार मार बसल्यानं २०२१ साली, एकतिसाव्या वर्षी त्याला खेळ सोडावा लागला. त्यानंतर काही आठवड्यांतच त्याच संघाचा बॉइड कॉर्डनर, ज्यानं ऑस्ट्रेलियाचं कर्णधारपद भूषवलं होतं, त्यालाही याच कारणानं थांबावं लागलं. तो २९ वर्षांचा होता.

तुमची भीती खरी आहे, ताई. 'काही होत नाही हो' असं मी म्हणणार नाही. बुलडॉग्जचे जुने खेळाडू आणि प्रशिक्षक स्टीव्ह फोक्स २०१८ साली ५९व्या वर्षी गेले, आणि त्यांच्या मेंदूच्या तपासणीत सीटीई हा आजार आढळला. डोक्याला वर्षानुवर्षं बसणाऱ्या धक्क्यांशी त्याचा संबंध जोडला जातो. नक्की निदान मृत्यूनंतरच होतं, त्यामुळे जिवंतपणी कोणाला किती धोका आहे हे कोणी सांगू शकत नाही. मानेचं म्हणाल, तर २०१४ साली न्यूकॅसलचा अ‍ॅलेक्स मॅकिनन एका टॅकलमध्ये डोक्यावर आपटला, मान मोडली आणि तो कायमचा खुर्चीला खिळला. बावीस वर्षांचा मुलगा. अशी घटना विरळा, पण घडलेली आहे, आणि सही करण्यापूर्वी तुमच्या मुलालाही ती माहीत असायला हवी. तो सोळा वर्षांचा आहे, त्याला हे पेलेल.

म्हणून डोक्याच्या बाबतीत घरात एक नियम करा, ज्यावर चर्चा होणार नाही. डोक्याला मार लागल्याचा संशय जरी आला, तरी त्या दिवशी खेळ संपला. एनआरएलमध्ये कंकशनचं, म्हणजे मारानं मेंदूला धक्का बसल्याचं, निदान झालेल्या खेळाडूला ११ दिवस बाहेर बसवतात. पण ते मोठ्यांचं आणि रोज डॉक्टरांच्या नजरेखाली असणाऱ्यांचं गणित. मुलांसाठी आणि स्थानिक पातळीसाठी ऑस्ट्रेलियातली मार्गदर्शक तत्त्वं २०२४ पासून जास्त कडक आहेत. अंगाला भिडण्याचा सराव सुरू करायच्या आधी सलग १४ दिवस कुठलंही लक्षण नको, आणि सामन्यात परतायला किमान २१ दिवस. क्लब हे पाळतो का, नोंद कोण ठेवतं, शाळेच्या सामन्यात लागलेलं क्लबला कळतं का, हे थेट विचारा. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. शाळा, स्थानिक क्लब आणि मोठ्या क्लबचा सराव-गट असं तीन ठिकाणी मूल खेळतं, तेव्हा शनिवारी बसलेला मार मंगळवारच्या प्रशिक्षकाला ठाऊकच नसतो. ती वही तुम्ही ठेवा.

आणि मुलं लपवतात. जागा जाईल या भीतीनं लपवतात. डोकं दुखतंय, उजेड नको वाटतोय, झोप बिघडलीय, उगाच चिडतोय, वाचलेलं लक्षात राहत नाहीये, हे तुम्हाला घरात दिसेल, प्रशिक्षकाला मैदानावर दिसणार नाही. त्यानं खरं सांगावं असं वाटत असेल, तर खरं सांगितल्याबद्दल त्याचा खेळ कायमचा बंद होणार नाही याची खात्री त्याला द्यावी लागेल. यजमान जर म्हणत असतील, 'एकदा लागू दे, मग बघतो', तर तो तोंडच उघडणार नाही. या एका कारणासाठी तरी त्यांनी हा सूर सोडावा.

टॅकल कसा करायचा हे कोण शिकवतं, तेही पाहा. अनेकदा मार बसतो तो टॅकल करणाऱ्यालाच, कारण त्याचं डोकं समोरच्याच्या अंगाच्या चुकीच्या बाजूला राहतं. एखाद्या सरावाला जाऊन बसा. तासभर नुसती धावाधाव आणि धडकाधडकी चालते, की प्रशिक्षक एकेकाला थांबवून खांदा आणि डोकं कुठे ठेवायचं ते दाखवतो, हे खेळातलं काही न कळणाऱ्यालाही कळतं.

विम्याचं दोन ओळींत. क्लबचा अपघात विमा असतो, पण मेडिकेअर या सरकारी आरोग्य योजनेच्या यादीत येणारे खर्च त्यातून मिळत नाहीत. गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध तुटला आणि खासगी रुग्णालयात लवकर शस्त्रक्रिया करायची असली, तर घरचा प्रायव्हेट हेल्थ कव्हर लागतो, आणि आधीपासूनच्या दुखण्याला त्यात बारा महिने थांबावं लागतं. म्हणून तो आताच बघा.

अभ्यासाबद्दल माझं मत स्पष्ट आहे, आणि ते तुमच्या मुलाला आवडणार नाही. अ‍ॅटारचे, म्हणजे विद्यापीठ प्रवेशासाठी लागणाऱ्या क्रमांकाचे, दरवाजे बंद होतील असे विषय त्यानं घेऊ नयेत. गणितातला सर्वात अवघड पर्याय सोडायला माझी हरकत नाही, पण गणितच सोडायला आहे. या गटाचे सामने साधारण फेब्रुवारी ते एप्रिल-मेमध्ये होतात, तयारी नोव्हेंबरपासून. एचएससीची परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात. दोन्ही अगदी एकावर एक येत नाहीत, ओढाताण होते ती बारावीच्या पहिल्या सहामाहीत. आणि न्यू साउथ वेल्समध्ये एचएससी पाच वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्यानं पूर्ण करायची सोय आहे, हे फार थोड्या पालकांना माहीत असतं. शाळेत 'पाथवेज'बद्दल विचारा. एस. जी. बॉलपर्यंत तो पोचला आणि सराव वाढला, तर विषय सोडण्याऐवजी वर्ष वाढवा. त्याला हे असं सांगा, की क्लब कधीही त्याचं नाव यादीतून काढू शकतो, तेव्हा त्याच्या हातात दुसरं काहीतरी असायलाच हवं. हे मी त्याच्या खेळावर अविश्वास म्हणून म्हणत नाही. शिकणारा खेळाडू पाठीवर इतकं ओझं घेऊन मैदानात उतरत नाही, असं मला वाटतं. खेळाडूंची संघटना, आरएलपीए, तीसुद्धा शिक्षण आणि खेळानंतरच्या कामाच्या तयारीवर भर देते.

दोन सापळे सांगून ठेवते. एक, पावडरी आणि गोळ्या. 'अंग भरायला हवं' म्हणून जिममधला कोणीतरी डबा देतो. क्रोनुला शार्क्स या सिडनीच्या क्लबच्या खेळाडूंनी क्लबच्याच सप्लिमेंट कार्यक्रमात विश्वासानं भाग घेतला होता. २०१४ साली त्यांच्यातल्या अनेकांना बारा महिन्यांची बंदी स्वीकारावी लागली. तुमच्या घरचं वरण-भात, उसळी, अंडी, दूध, रविवारचं मटण, यावर सोळा वर्षांचा मुलगा छान वाढतो. हवं तर खेळाडूंच्या आहारतज्ज्ञाला भेटा. दुसरा, पैजा. लीगच्या सामन्यांवर खेळाडूंना पैज लावता येत नाही. फोनवर मित्रांसोबत सहज लावलेली पाच डॉलरची पैजही महागात पडते. हे त्याला आजच माहीत असू द्या.

आता यजमानांकडे वळते. हे पत्र त्यांनाही वाचायला द्या.

दादा, तुमची कबड्डी वडिलांनी थांबवली तेव्हा त्यांच्यासमोर काय होतं? तालुक्याची ढाल, फार तर खेळाडू म्हणून एखाद्या खात्यात नोकरी. त्यांचा निर्णय त्या काळात चुकीचा नव्हता. पण २०१४मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि त्याच खेळात लिलाव होऊ लागले. काळ बदलतो. आणि मला तुमच्याबद्दल एक वाटतं. तुमच्या मुलाच्या खेळातलं घरात सर्वात जास्त तुम्हालाच कळेल. अंगावर येणाऱ्याला कसं, कुठे पकडायचं, दम राखून पुढची झुंज कशी घ्यायची, हे तुम्ही स्वतः केलेलं आहे. रविवारी सामन्याला जाऊन बसा. विरोध सोडायलाच हवा असं नाही, बघायला जा. मुलगा तुमच्याकडून परवानगीपेक्षा हीच गोष्ट मागत असावा, असा माझा अंदाज आहे.

तुमच्यासाठीही एक सांगते, ताई. दोघांच्या मध्ये उभं राहू नका. तिघं मिळून एक वर्षाचा करार करा. वर्षभर तो मन लावून खेळेल, ठरलेले विषय पास होत राहील, डोक्याचा नियम पाळेल. वर्षाच्या शेवटी पुन्हा बसायचं. त्यात त्याला पुढच्या गटात बोलावणं आलं नाही, तरी स्थानिक क्लबमध्ये खेळणं चालू राहीलच. खेळणं आणि त्याची नोकरी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याच्या कानावर आधीपासून पडलेलं असलं तर ती निराशा त्याला मोडणार नाही.

एजंट लवकरच फोन करतील. नोंदणी असलेला अधिकृत एजंट आहे का ते तपासा, आणि या वयात त्याची फारशी गरज नाही हेही लक्षात ठेवा. क्लबचा कागद आला, की कोणाला बांधून घेतलंय ते पाहा. मुलगा किती वर्षं अडकतो, जखमी झाला तर उपचार कोण करणार आणि करार चालू राहणार की नाही, क्लब त्याला मध्येच सोडू शकतो का. करार वाचणारा एखादा वकील तुमच्या मराठी मंडळाच्या ओळखीत सापडेल. त्यानं वाचल्याशिवाय सही करू नका. क्लबनं चार दिवस द्यायला खळखळ केली तर मला कळवा.